बेनामी लेखणी

१९७६ साली अमेरिकेत ‘द फ्रंट’ नावाचा एक चित्रपट प्रदर्शित झाला. चित्रपट संपल्यावर पडद्यावरून सरकत जाणाऱ्या नामावळीकडे प्रेक्षक सहसा लक्ष देत नाहीत. खुर्च्यांची कुरकुर आणि दाराकडे निघालेली पावले यांतच ती विरून जाते. परंतु या चित्रपटाच्या शेवटची नामावळी वाचून दाराशी गेलेली माणसे थबकली असतील, तर त्यात नवल नाही. दिग्दर्शक मार्टिन रिट यांच्या नावापुढे लिहिले होते : काळ्या यादीत, १९५१. पटकथालेखक वॉल्टर बर्नस्टाइन यांच्या नावापुढे १९५०. नट झीरो मोस्टेल, १९५०. लॉइड गॉफ आणि जोशुआ शेली, १९५२. हर्शेल बर्नार्डी, १९५३. दोन घटका हसविणारी जी गोष्ट प्रेक्षकांनी नुकतीच पाहिली, ती सांगणाऱ्यांनी स्वतः भोगलेली होती, हे त्या नावांनी आणि सालांनी कोणतेही भाषण न करता सांगून टाकले.

ही काळी यादी म्हणजे काय, हे समजल्यावाचून या चित्रपटातील हसू समजणार नाही. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने अमेरिकाविरोधी कारवायांच्या चौकशीसाठी १९३८ मध्ये एक समिती नेमली होती. १९४५ मध्ये ती कायमची झाली. महायुद्धात रशिया हा मित्र होता. युद्ध संपताच तो शत्रू ठरला, आणि १९३० नंतरच्या मंदीच्या दिवसांत साम्यवादाकडे ओढले गेलेले लेखक, नट, गायक एकाएकी संशयाचे धनी झाले. ऑक्टोबर १९४७ मध्ये समितीने हॉलिवुडकडे मोर्चा वळविला. साक्षीदारांपुढे ठेवलेला मुख्य प्रश्न एकच होता : आपण कम्युनिस्ट पक्षाचे सभासद आहात काय, किंवा पूर्वी कधी होता काय? दहा जणांनी या प्रश्नाचे सरळ उत्तर देण्याचे नाकारले. माणसाचे राजकीय मत विचारण्याचा अधिकारच सरकारला नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्यावर सभागृहाच्या अवमानाचा ठपका आला. वरिष्ठ न्यायालयाने त्यांची दाद घेण्याचे नाकारल्यावर १९५० मध्ये ते तुरुंगात गेले. अकरावा साक्षीदार होता जर्मन नाटककार बेर्टोल्ट ब्रेख्ट. पुढे १९७८ साली पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’तून मराठी प्रेक्षकांना ज्याच्या नाटकाची ओळख झाली, तोच हा ब्रेख्ट. त्याने समितीला गोड उत्तरे दिली आणि दुसऱ्याच दिवशी विमानाने युरोप गाठला. सर्वांत शहाणा तोच ठरला, असे म्हणावे लागेल.

नोव्हेंबर १९४७ मध्ये चित्रपटसंस्थांचे धनी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात जमले आणि त्यांनी एक निवेदन काढले. या दहा जणांना कामावरून दूर करण्यात येईल आणि जाणूनबुजून कोणाही कम्युनिस्टाला काम देण्यात येणार नाही, असा त्याचा आशय होता. काळ्या यादीचा जन्म हा असा झाला. पुष्कळ लोक हे सारे सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्या खाती घालतात. वस्तुतः मॅकार्थी यांचे नाव गाजू लागले ते १९५० च्या फेब्रुवारीपासून, आणि त्यांचा या समितीशी काडीचाही संबंध नव्हता. ते सिनेटचे सभासद, समिती दुसऱ्या सभागृहाची. यादी त्यांच्या आधी जन्मली आणि १९५४ च्या डिसेंबरात सिनेटने त्यांचा निषेध केल्यानंतरही कित्येक वर्षे जगली. एखाद्या युगाला एका माणसाचे नाव दिले की बाकीच्यांची सुटका होते, तसेच काहीसे येथे झाले आहे.

इतिहास कधी कधी प्रहसनकाराच्याही पुढे जातो. या दहांपैकी रिंग लार्डनर आणि लेस्टर कोल या दोघांना कनेटिकट राज्यातील डॅनबरीच्या तुरुंगात ठेवण्यात आले. तेथे त्यांच्या आधीच एक ओळखीचे गृहस्थ येऊन राहिले होते. ज्यांनी १९४७ च्या चौकशीत अध्यक्षस्थानावरून हातोडा आपटला होता, ते जे. पार्नेल टॉमस! आपल्या कचेरीत काम न करणाऱ्यांच्या नावे पगार काढून ते पैसे खिशात घातल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली होती. खोट्या नावांचा उपयोग कोण कशासाठी करतो, याचा हा एक नमुना.

हॉलिवुडची यादी निदान एका निवेदनातून निघाली होती. नभोवाणी आणि नव्यानेच उदयाला येत असलेली दूरचित्रवाणी यांची यादी त्याहून निराळी व अधिक भयंकर होती. जून १९५० मध्ये ‘रेड चॅनेल्स’ नावाचे एक पुस्तक निघाले. त्यात १५१ लेखक, नट, संगीतकार व निवेदक यांची नावे होती. कोणी स्पेनच्या प्रजासत्ताकासाठी वर्गणी दिली होती, कोणी एखाद्या सभेत गाणे म्हटले होते, कोणी एखाद्या पत्रकावर सही केली होती. पुस्तक सरकारी नव्हते. काही खाजगी व्यक्तींनी ते काढले होते. परंतु अमेरिकेतील नभोवाणी जाहिरातीच्या पैशावर चालते, आणि जाहिरातदाराला आपला साबण किंवा आपली दंतधावनाची पेस्ट कोणाच्याही रागाला बळी पडू नये असे वाटते. सिराक्यूज शहरात लॉरेन्स जॉन्सन नावाचा एक वाणी होता. त्याची किराणा मालाची मोठी दुकाने होती. एखाद्या कार्यक्रमात संशयित नट आला, की त्या कार्यक्रमाच्या जाहिरातदाराला तो धमकी देई : तुमच्या मालापुढे मी फलक लावीन, आणि कम्युनिस्टांना पोसणारा माल घ्यायचा की नाही हे गिऱ्हाईकांना ठरवू देईन. न्यूयॉर्कमधील बड्या बड्या कंपन्या या वाण्यापुढे नमत. मार्टिन रिट यांच्यावरही सिराक्यूजच्या एका वाण्याने आरोप केला होता. कम्युनिस्ट चीनला त्यांनी पैसे दिले, असे त्याचे म्हणणे. रिट यांचे दूरचित्रवाणीवरील काम गेले, आणि पुढील काही वर्षे ते नटांना शिकवून आणि घोड्यांच्या शर्यतीत पैसे लावून पोट भरीत राहिले.

या यादीचा विशेष असा, की ती आहे असे कोणी कधी कबूल करीत नसे. लेखकाला कोणी ‘तू कम्युनिस्ट आहेस म्हणून काम नाही’ असे सांगत नसे. दूरध्वनी वाजेनासा होई, एवढेच. ज्या कचेरीत काल चहा मिळत होता, तेथे आज साहेब बाहेर गेलेले असत. ज्या आरोपाचा उच्चारच होत नाही, त्याचे खंडन कोणी कसे करावे?

नटाचा चेहरा लपविता येत नाही. लेखकाचा लपविता येतो. या एका सोयीतून बेनामी लेखनाचा व्यवसाय सुरू झाला. टोपणनावाची परंपरा मराठीला नवी नाही. राम गणेश गडकऱ्यांनी कविता गोविंदाग्रजांच्या नावे लिहिल्या आणि विनोद बाळकरामांच्या नावे. पण ते टोपणनाव म्हणजे कवीने हौसेने घेतलेला अलंकार. मागे कोण आहे हे रसिकाला ठाऊक असते. अमेरिकेतील प्रकार आपल्याकडील बेनामी जमिनीच्या व्यवहाराशी अधिक जुळतो. कागदावर नाव एकाचे, मालकी दुसऱ्याची, आणि दोघांच्या मधे बोलून न दाखविलेला करार. फरक इतकाच, की बेनामी जमीन करणारा आपली संपत्ती लपवितो. या लेखकांची संपत्ती म्हणजे त्यांचे नाव, आणि तेच त्यांना लपवावे लागत होते. शिवाय भावही पडला होता. ज्या लेखकाला पूर्वी एका पटकथेचे हजारो डॉलर मिळत, त्याच्याकडून निर्माते आता चोरीच्या मालाच्या दराने काम करून घेत. देशप्रेमाच्या गर्जना चालू असताना हा स्वस्ताईचा बाजार अनेकांना मानवला, हे विसरता येत नाही.

डाल्टन ट्रम्बो हा या बाजारातील सर्वांत चपळ कारागीर. ‘रोमन हॉलिडे’ या १९५३ च्या लोकप्रिय चित्रपटाची कथा त्याची. पण नाव लागले त्याचा मित्र इयान मॅक्लेलन हंटर याचे, आणि कथेचे ऑस्कर पारितोषिकही हंटरलाच मिळाले. पुढे हंटर स्वतःच यादीत गेला! १९५७ मध्ये ‘द ब्रेव्ह वन’ या चित्रपटाच्या कथेसाठी रॉबर्ट रिच या लेखकाचे नाव पुकारण्यात आले. पारितोषिक घ्यायला रिच काही आला नाही. रॉबर्ट रिच नावाचा लेखक अस्तित्वातच नव्हता. तोही ट्रम्बोच होता. पुढच्याच वर्षी ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’च्या पटकथेचे पारितोषिक मूळ कादंबरीचा फ्रेंच लेखक पिएर बूल याला मिळाले. इंग्रजी पटकथा लिहिण्याइतके इंग्रजी त्याला येत नव्हते, हे सर्वांना माहीत होते. खरे लेखक मायकेल विल्सन आणि कार्ल फोरमन यांना ते पारितोषिक १९८४ मध्ये देण्यात आले. तोवर दोघेही निवर्तले होते.

वॉल्टर बर्नस्टाइन यांची कथा याहून कमी गाजलेली, पण ‘द फ्रंट’चे मूळ तीतच आहे. १९१९ मध्ये ब्रुकलिनला जन्मलेला हा लेखक महायुद्धात सैनिकांच्या ‘यँक’ या पत्राचा बातमीदार होता, आणि युगोस्लाव्हियाच्या डोंगरांत जाऊन त्याने टिटोची मुलाखत मिळविली होती. ‘रेड चॅनेल्स’मध्ये नाव येताच त्याचे काम बंद झाले. आरंभी खोटे नाव पुरत असे. परंतु हा नवा लेखक कोण, त्याला एकदा घेऊन तरी या, असे वरिष्ठ म्हणू लागले, तेव्हा नुसत्या नावाने भागेना. नावाबरोबर हाडामांसाचा माणूस हवा झाला. बर्नस्टाइन, अब्राहम पोलोन्स्की आणि अर्नोल्ड मॅनॉफ या तिघा बहिष्कृतांनी मग एकी केली. आपले नाव उसने देणारी माणसे शोधायची आणि जो अडेल त्याला दुसऱ्यांनी हात द्यायचा, असे ठरले.

या तिघांनी १९५३ पासून सी. बी. एस. वरील ‘यू आर देअर’ या मालिकेसाठी भाग लिहिले. मूळची ही नभोवाणीची मालिका. तिची कल्पना अशी, की आजचा बातमीदार इतिहासातल्या एखाद्या प्रसंगी हजर राहून तो प्रसंग सांगतो. निवेदक होते वॉल्टर क्रॉन्काइट, आणि बरेच भाग दिग्दर्शित केले तरुण सिडनी ल्युमेट याने. ल्युमेट व निर्माते चार्ल्स रसेल यांना खरे लेखक कोण हे ठाऊक होते. आता या भागांचे विषय पाहावेत : सॉक्रेटिसचा मृत्यू, जोन ऑफ आर्कला झालेली शिक्षा, गॅलिलिओवर आलेला प्रसंग, सेलम गावातील चेटकिणींचा खटला. आपल्या काळाविषयी तोंड उघडण्याची ज्यांना बंदी होती, त्यांनी इतिहासाकडून ते बोलवून घेतले. घरोघरी लोक ते पाहत होते. आणि दुधाचा व्यवहार ताकाच्या भांड्यातून चालला आहे, हे वरिष्ठांच्या ध्यानी आले नाही. इतिहासविषयक कार्यक्रम निरुपद्रवी असतात, असा सत्ताधीशांचा सर्वत्र समज असतो.

रिट आणि बर्नस्टाइन यांना या काळावर चित्रपट काढावयाचा होता तो गंभीर. चांगला माणूस, त्याच्यावरील अन्याय, त्याचा छळ असे काही. कोणीही त्यावर पैसा घालावयास तयार होईना. वर्षे गेली, आणि मग त्यांनी गोष्टीची बाजूच पालटली. बहिष्कृत लेखकाला मधून काढून त्यांनी त्याला नाव उसने देणाऱ्या माणसाला मध्यभागी बसविले. त्याबरोबर शोकांतिकेचे प्रहसन झाले आणि कोलंबिया कंपनीने पैसे दिले. ही नुसती व्यवहारी तडजोड होती असे मात्र नाही. गोष्टीचे खरे मर्म याच बाजूने दिसत होते.

हॉवर्ड प्रिन्स हा १९५३ च्या न्यूयॉर्कमधील एका खानावळीच्या गल्ल्यावर बसणारा गडी. चोरून पैजाही घेणारा, कर्जात बुडालेला, आणि राजकारणाशी ज्याचा देणेघेण्याचा संबंध नाही असा. ही भूमिका वुडी अ‍ॅलन याने केली. आपण लिहिलेल्या वा दिग्दर्शित केलेल्या चित्रपटात दिसणारा हा नट येथे केवळ नट आहे. हॉवर्डचा शाळासोबती दूरचित्रवाणीसाठी लिहितो. तो यादीत जातो, आणि हॉवर्डला म्हणतो, ‘माझ्या लेखनावर तुझे नाव घाल, शेकडा दहा तुझे.’ हॉवर्ड राजी होतो. व्यवहार जमल्यावर आणखी दोन लेखक त्याच्या नावाखाली येतात, आणि ज्याने जन्मात एक ओळ लिहिली नाही, तो नगरातील सर्वांत बहुप्रसव नाटककार ठरतो. खरी गंमत पुढे आहे. हॉवर्डला आपली कीर्ती खरी वाटू लागते. आपल्या नावाला शोभणार नाही, म्हणून एका लेखकाची संहिता तो परत करतो! त्याच्या लेखनावर भुललेली तरुणी त्याच्या प्रेमात पडते. एकदा ऐन तालमीच्या वेळी एक प्रवेश तेथेच बसून दुरुस्त करण्याची पाळी येते, तेव्हा कोऱ्या कागदापुढे बसलेल्या त्या माणसाची जी तिरपीट उडते, ती पाहताना हसू आवरत नाही. नाझींच्या छळछावणीवरील एका नाट्यात वायूने माणसे मारल्याचा उल्लेख नको, असा आग्रह होतो. कारण कार्यक्रमाचा जाहिरातदार घरगुती इंधनवायू विकणारा! हा विनोद लेखकाच्या डोक्यातून निघाला असे वाटेल. पण १९५९ मध्ये ‘जजमेंट अ‍ॅट न्यूरेम्बर्ग’ या दूरचित्रवाणी नाट्यातून तो शब्द अशाच कारणासाठी खरोखर पुसण्यात आला होता.

आणि मग हेकी ब्राउन येतो. हा विनोदी नट सहा वर्षांपूर्वी एका मिरवणुकीत चालला होता. का चालला? एका मुलीवर छाप पाडण्यासाठी. एवढ्यासाठी त्याचे काम जाते. नावे तपासणाऱ्या संस्थेचा सभ्य, थंड आवाजाचा अधिकारी त्याला सांगतो, की पश्चात्ताप खरा असेल तर हॉवर्डवर नजर ठेव. डोंगरातल्या एका विश्रामस्थानी हेकी पूर्वीच्या मानधनाच्या तुकड्यासाठी खेळ करतो, आणि ठरलेला तुकडाही त्याच्या हाती पूर्ण पडत नाही. हा अपमान झीरो मोस्टेल यांनी स्वतः सोसलेला होता, म्हणून त्या प्रवेशातील त्यांच्या संतापाला अभिनय म्हणणे जड जाते. शेवटी हेकी एका चांगल्या हॉटेलात खोली घेतो, शॅम्पेन मागवितो, आणि क्षणभराने पडद्यावर फक्त उघडी खिडकी उरते.

हेकीच्या मागे उभी असलेली सावली फिलिप लोब याची. ‘द गोल्डबर्ग्ज’ या घराघरांत पाहिल्या जाणाऱ्या मालिकेत तो बापाचे काम करी. ‘रेड चॅनेल्स’मध्ये नाव आल्यानंतर जाहिरातदारांनी त्याला काढण्याचा हट्ट धरला, मालिकेच्या कर्त्या गर्ट्रूड बर्ग यांनी प्रथम तो मानला नाही, पण १९५२ मध्ये मालिका पुन्हा सुरू झाली ती लोबवाचून. १ सप्टेंबर १९५५ रोजी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात झोपेच्या गोळ्या घेऊन त्याने जीवन संपविले. तो मोस्टेल यांचा जिवलग मित्र. काही काळ त्यांच्याच घरी राहिलेला. त्यानंतर दीडच महिन्याने मोस्टेल यांना समितीपुढे उभे राहावे लागले. एका डाव्या समारंभात त्यांनी करमणूक केली होती काय, असे विचारण्यात आले. मी विसावलेल्या फुलपाखराची नक्कल केली असेन, तर त्यात काय बिघडले, लोकांना हसविणे हा गुन्हा नव्हे, असा त्यांचा जबाब. त्यावर एका सभासदाने गंभीरपणे बजाविले, की त्या फुलपाखराने पक्षाच्या तिजोरीत पैसे आणले असतील, तर ते प्रचाराला साहाय्यच होय. लठ्ठ मोस्टेल यांचे फुलपाखरू आणि त्यावर चाललेला हा राष्ट्रीय सुरक्षेचा खल अधिकृत दप्तरात छापलेला आहे.

चित्रपटाच्या अखेरीस हॉवर्ड समितीपुढे येतो. सभासद त्याला सोपी वाट दाखवितात. फक्त एक नाव सांगा. हेकी ब्राउनचे सांगा. तो तर मेला आहे, त्याचे आता काय वाईट होणार? साऱ्या चित्रपटाचा अर्थ या मागणीत साठलेला आहे. समितीला माहिती नको होती. तिच्यापाशी नावे आधीच होती. तिला माणूस वाकलेला पाहावयाचा होता, आणि त्यासाठी मेलेल्याचे नावही पुरत होते. दहांपैकी एक दिग्दर्शक एडवर्ड डमिट्रिक यांनी तुरुंगातून सुटल्यावर १९५१ मध्ये २६ नावे सांगितली, आणि त्यांना पुन्हा काम मिळाले. हॉवर्ड मात्र, ज्याला कोणतेही तत्त्व नाही असा हॉवर्ड, उठून उभा राहतो; आपल्याला असे प्रश्न विचारण्याचा तुमचा अधिकार मी मानीत नाही, असे म्हणतो, आणि त्यापुढे जे बोलतो ते सभ्य मंडळीत उच्चारता येण्यासारखे नाही. पुढच्या दृश्यात त्याच्या हातात बेड्या आहेत.

हा शेवट थोडा गोड आहे, असा आक्षेप घेता येईल. बेड्या घातलेल्या हॉवर्डला निरोप द्यायला चाहत्यांचा घोळका येतो. खऱ्या बहिष्कृतांच्या निरोपाला लोक क्वचितच आले. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हॉवर्डचा मित्र आपल्या डाव्या मतांची कबुली देतो; पण त्या मतांचे पुढे काय झाले, हे चित्रपट विचारीत नाही. अमेरिकेत हे लेखक बेकार झाले, त्याच्या दहा वर्षे आधी त्यांना प्रिय असलेल्या रशियात इझाक बाबेलसारखा कथाकार आणि मेयरहोल्डसारखा नाट्यदिग्दर्शक १९४० मध्ये गोळी घालून ठार करण्यात आले होते. पुष्कळांनी त्याकडे पाठ फिरविली. अन्यायाला बळी पडणारा माणूस प्रत्येक बाबतीत बरोबरच असतो असे नाही, आणि त्यामुळे त्याच्यावरील अन्याय न्याय्यही ठरत नाही. या दोन्ही गोष्टी एकदम सांभाळणे प्रहसनाला जड गेले असते. तरी ती उणीव जाणवते.

यादी मोडली ती हळूहळू. १९६० मध्ये ‘एक्झोडस’ आणि ‘स्पार्टाकस’ या दोन मोठ्या चित्रपटांवर ट्रम्बोचे नाव उघडपणे झळकले. नभोवाणीच्या क्षेत्रात तो मान टेक्सासच्या जॉन हेन्री फॉक या निवेदकाकडे जातो. आपली नोकरी घालविणाऱ्यांवर त्याने १९५६ मध्ये दावा लावला. सिराक्यूजचा वाणी जॉन्सन हाही प्रतिवादींमध्ये होता. १९६२ च्या जूनमध्ये पंचांनी फॉकला पस्तीस लाख डॉलर देवविले. अपिलात ही रक्कम साडेपाच लाखांवर आली. निकालाच्या तोंडावरच जॉन्सन मरण पावला होता. मोस्टेल रंगभूमीवर परतले. १९६४ मध्ये ‘फिडलर ऑन द रूफ’मधील गवळ्याच्या भूमिकेने त्यांना शिखरावर नेले. त्या नाटकाचे दिग्दर्शक जेरोम रॉबिन्स हे समितीपुढे नावे सांगून आलेले होते. त्यांच्याबरोबर काम कराल का, असे विचारले असता मोस्टेल यांनी होकार दिला. बहिष्कार घालणे हे आमच्या लोकांचे काम नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. तालमीबाहेर मात्र त्यांनी रॉबिन्स यांच्याशी मैत्री ठेवली नाही. ‘द फ्रंट’ प्रदर्शित झाल्यानंतर वर्षभरात, सप्टेंबर १९७७ मध्ये, ते वारले.

‘द फ्रंट’च्या पटकथेसाठी बर्नस्टाइन यांना ऑस्करचे नामांकन मिळाले. पारितोषिक मिळाले नाही, पण या खेपेस नामांकनाच्या कागदावर नाव त्यांचे स्वतःचे होते. ते १०१ वर्षे जगले आणि २०२१ च्या जानेवारीत निवर्तले. ‘रोमन हॉलिडे’च्या श्रेयनामावळीत ट्रम्बोचे नाव लेखकसंघाने २०११ मध्ये घातले. त्यासाठी खटपट करणाऱ्यांत दोन मुलगे होते : एक ट्रम्बोचा, आणि दुसरा, ज्याने ट्रम्बोला आपले नाव उसने दिले होते, त्या हंटरचा.